बायल्मरमधले घानावाले आणि आमचा सर्व्हे

पुण्यात सोशिऑलॉजी केलं, मग मास्टर्सला नेदरलँड्सला आले आणि त्यातूनच एका रिसर्च प्रोजेक्टवर फील्डवर्कचं काम मिळालं. काम काय, तर ॲमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या घानाच्या लोकांना भेटायचं, प्रश्नावली भरून घ्यायची, घरून निघाले कधी, इथवर पोचले कसे, काय काय कामं केली आणि आता इथे कितपत रुळलेत. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अगं तिकडे जाऊन डच लोकांचा अभ्यास करायचा सोडून घानाच्या लोकांचा कुठे करत बसलीस, आणि तेव्हापासून हाच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं.

आधी जागा सांगते. ॲमस्टरडॅम म्हटलं की कालवे आणि सायकली डोळ्यापुढे येतात, पण मेट्रो पकडून दक्षिण-पूर्वेला गेलात की बायल्मर लागतं आणि तिथलं चित्र वेगळंच आहे. १९६८ मध्ये इथे पहिले रहिवासी आले. दहा-अकरा मजली लांबच लांब बिल्डिंगी, षटकोनात मांडलेल्या, मधे मोकळी हिरवळ, गाड्या वरच्या रस्त्यावरून आणि माणसं खालून, असा मोठा प्लॅन होता. मध्यमवर्गीय डच कुटुंबं येतील असा हिशोब होता, ती फारशी आली नाहीत, फ्लॅट रिकामे राहिले, मग १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं तेव्हा तिथले लोक आले आणि ऐंशीच्या दशकात घानाचे. आज देशात नोंद असलेले घानाचे लोक वीस हजारांच्या वर आहेत, त्यातले जवळपास निम्मे ॲमस्टरडॅममध्ये, आणि ते बहुतेक ह्याच भागात. क्रायनेस्ट स्टेशनला उतरून दुकानांच्या बाजूला गेलं की मोठाले याम म्हणजे सुरणासारखे कंद, कच्ची केळी, पाम तेलाच्या बाटल्या, वाळवलेले मासे, शितो नावाच्या तिखट मिरचीच्या सॉसच्या बरण्या, केस विणून देणारी सलून आणि घानाला पिंपं पाठवणारे कार्गोवाले, सगळं शेजारी शेजारी.

घाना आणि डच ह्यांचा संबंध जुना आहे हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. घानाच्या किनाऱ्यावरचा एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला, १६३७ मध्ये डचांनी तो घेतला आणि १८७२ पर्यंत, म्हणजे दोनशेवर वर्षं, तो त्यांच्याच ताब्यात होता, तिथून गुलाम म्हणून माणसं जहाजात भरून पाठवली, त्यातली कित्येक सुरिनामला गेली. बायल्मरमध्ये दर उन्हाळ्यात क्वाकू नावाचा मोठा फेस्टिवल होतो, तो सुरू केला सुरिनामच्या लोकांनी, पण नाव घानाचं. घानातल्या अकान लोकांत बुधवारी जन्मलेल्या मुलाचं नाव क्वाकू, आणि डचांनी सुरिनाममधली गुलामी बंद केली तो दिवस, १ जुलै १८६३, बुधवार होता. म्हणजे दोन-तीनशे वर्षांपूर्वी समुद्रापार नेलेल्यांचे वंशज आणि नंतर स्वतः विमानाने आलेले हे लोक आज एकाच जिन्याने चढतात उतरतात. आमच्या प्रश्नावलीत ह्यातलं काही बसत नव्हतं, तरी मला हे माहीत असणं फार उपयोगी पडलं, कारण म्हातारी माणसं बोलता बोलता मधेच एल्मिनाचा विषय काढायची.

आता ही माणसं इथे आली का. बहुतेकांच्या गोष्टीत १९८३ साल येतंच. त्याआधी नायजेरियात तेलाचा पैसा होता म्हणून घानाचे मास्तर, मजूर, ड्रायव्हर लाखांनी तिकडे गेले होते. घानात १९८१ च्या ३१ डिसेंबरला रॉलिंग्ज ह्या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली, महागाई आधीपासून होतीच, आणि १९८३ च्या जानेवारीत नायजेरियाने कागद, म्हणजे राहायचा परवाना, नसलेल्या परदेशी लोकांना काही दिवसांत निघून जा असा हुकूम काढला, त्यात दहा लाखांच्या आसपास घानाचे होते. त्याच वर्षी घानात दुष्काळ पडला, वणव्यात शेतं जळाली. म्हणजे ज्या वर्षी घरात खायला नाही त्याच वर्षी दहा लाख माणसं परत. आपल्याकडे एसटी स्टँडवर दिसते ना ती चौकड्यांची चेनवाली प्लास्टिकची मोठी बॅग, तिला पश्चिम आफ्रिकेत अजून ‘घाना मस्ट गो’ म्हणतात, कारण लोक त्याच बॅगांत संसार भरून परतले होते. एक काका मला म्हणाले, लेगॉसहून आलो तेव्हा ती बॅग मी पूर्ण रिकामी केलीच नाही, कारण घरी पोचल्यावर आठवड्याभरात कळलं की इथे राहता येणार नाही.

मग जर्मनी, इटली, इंग्लंड, नेदरलँड्स. हॅम्बुर्गमध्ये घानाची मोठी वस्ती आहे, लंडनमध्ये, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, इटलीत ब्रेशिया आणि मोदेनाच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. आमच्याकडे आलेल्यांपैकी बरेच जण आधी दुसऱ्या कुठल्या तरी देशात राहून आलेले निघाले, त्यामुळे ‘घानाहून नेदरलँड्सला’ अशी सरळ रेघ फार कमी जणांची.

सर्व्हेचं पहिलं काम म्हणजे माणसं मिळवणं. इथे महानगरपालिकेकडे लोकसंख्येचं रजिस्टर असतं, त्यात जन्माचा देश असतो, त्यामुळे रीतसर परवानगी काढली की त्यातून रँडम सॅम्पल मिळू शकतं, लंडनमध्ये संशोधन करणाऱ्यांना ही सोय नाही. पण रजिस्टरमध्ये नाव असायला कागद लागतात, आणि कागद नसलेला माणूस त्या यादीत नाहीच, म्हणून त्यांच्यासाठी ओळखीतून ओळख असं जावं लागतं. शिवाय यादीतल्या लोकांना पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येतच नव्हती. सरकारी दिसणारं पाकीट आलं की ते टेबलावर बाजूला ठेवायचं, रविवारी चर्चमध्ये कुणाला तरी दाखवून मग काय ते ठरवायचं, ही पद्धत. दुसरं म्हणजे ह्या भागातल्या घानाच्या लोकांवर आधीच भरपूर संशोधन झालंय. आरोग्याचे मोठे अभ्यास झाले, रोडाम नावाच्या एकात तर ॲमस्टरडॅम, बर्लिन, लंडन आणि खुद्द घानातली खेडी आणि शहरं अशी सगळीकडच्या घानाच्या लोकांची वजनं, साखर, बीपी तपासून तुलना केली होती, आणि खेड्यातून शहरात, शहरातून युरोपात आलं की लठ्ठपणा आणि डायबेटिस कसा वाढत जातो ते दाखवलं होतं. एक मावशी मला दारातच म्हणाल्या, रक्त घेऊन गेलात, कंबर मोजून गेलात, आता काय राहिलं? मी म्हटलं, आता तुमचं आयुष्य विचारायचंय. त्या म्हणाल्या, ते सगळ्यात लांबेल, आत ये.

दार उघडलं ते चर्चमुळे. बायल्मरमध्ये एकेकाळी पार्किंगच्या गॅरेजात चर्च भरायची, आता डे कान्डेलार म्हणून एक बिल्डिंगच आहे जिथे एकाच दिवशी वेगवेगळ्या हॉलमधे वेगवेगळ्या चर्चच्या प्रार्थना चालतात. माझी सहकारी इथेच जन्मलेली घानाची मुलगी, तिला ट्वी ही घानाची भाषा आणि डच दोन्ही येतं, तिच्याबरोबर मी पास्टरना भेटायला गेले. पास्टरनी खूप बारकाईने विचारलं, माहिती कोण ठेवणार, इमिग्रेशनवाल्यांना मिळणार का, नावं लिहिणार का, आणि तुम्ही परत येऊन काय सापडलं ते सांगणार का. आम्ही प्रत्येकाचं उत्तर दिलं आणि त्यांनी रविवारी स्टेजवरून सांगितलं की ह्या मुली येतील, ज्याला बोलायचंय त्याने बोला, ज्याला नाही त्याने बोलू नका. एवढं एक वाक्य बोलल्यावर पत्रांनी जे झालं नव्हतं ते झालं. संमतीपत्रावर सही मागितली की माणूस गप्प व्हायचा, म्हणून एथिक्स कमिटीकडून आम्ही तोंडी संमती रेकॉर्ड करायची परवानगी घेतली, आणि माझ्या मते अशा कुठल्याही सर्व्हेत हे पहिल्यापासूनच असायला हवं. कितीतरी वर्षं सहीला घाबरून काढलेल्या माणसापुढे परत कागद आणि पेन ठेवणं बरोबर नाही.

प्रश्नावलीचा पहिला भाग नेहमीचा होता. डच कितपत येतं, डच मित्र किती, शेजाऱ्यांशी बोलता का, डच बातम्या बघता का, इथले आहोत असं वाटतं का, एक ते पाच. इंटिग्रेशन, म्हणजे समाजात रुळणं, म्हणून जगभर हेच मोजतात. ह्या भागात माणसं फटाफट उत्तरं द्यायची, बहुतेक सगळं चार नाही तर पाच, अगदी सौजन्याने, पाहुण्याला चहा देतात तशी. माझी सहकारी नंतर म्हणायची की ही उत्तरं आपल्याला दिलेली नाहीत, आपल्या मागे जे कुणी ऐकत असेल त्याला दिलेली आहेत.

दुसरा भाग म्हणजे तक्ता. ही पद्धत आमची नाही, युरोपात स्थलांतरावरच्या मोठ्या सर्व्हेंमध्ये वापरली गेलीये. मोठा कागद, उभी वर्षं, जन्मापासून आजपर्यंत, एका वर्षाची एक ओळ. आडवे रकाने, कुठे राहत होतात, काय काम, नवरा-बायको कुठे, मुलं कुठे, आणि शेवटचा रकाना, तेव्हा तुमच्याकडे कोणता कागद होता. पेन्सिलने भरायचं कारण माणसाला साल आठवत नाही, तो म्हणतो मोठी मुलगी पोटात होती तेव्हा, मग मुलीचं साल बघून आपण मागे-पुढे सरकवायचं. ह्यात माणूस बोलायला लागतो. एक ते पाच आकडे देताना खुर्चीच्या टोकावर बसलेला माणूस तक्ता भरताना टेबलावर वाकतो, स्वतःच पेन्सिल हातात घेतो, नाही नाही ही ओळ खाली घे, तेव्हा मी अजून त्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये होतो.

एक तक्ता सांगते, ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही. घानातल्या कुमासी शहराजवळचे एक काका, १९८३ मध्ये नायजेरियातून परत, १९८६ मध्ये इथे. पहिली दोन वर्षं एका फ्लॅटमध्ये पाळीपाळीने झोपायचे, रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच गादीवर. मग ग्रीनहाऊसमध्ये फुलं तोडायचं काम, आणि कामाच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहायला लावलं की टॅक्स भरत होतो. मी शेवटचा रकाना विचारला, कागद? काही नाही. टॅक्स भरत होतात आणि कागद नाही? तर हो, कारण १९९१ संपेपर्यंत इथे राहायचा परवाना नसतानाही सोफी नंबर मिळायचा, म्हणजे टॅक्सचा आणि सामाजिक विम्याचा नंबर, त्यामुळे हजारो माणसं एकीकडे पगारातून सगळं कापून घेत होती आणि दुसरीकडे बेकायदेशीर होती. मग तो नंबर परवान्याला जोडला. १९९८ च्या जुलैपासून तर कायदाच आला की परवाना नसेल तर बहुतेक सरकारी सोयी बंद. काकांना कागद मिळाले २००० मध्ये. १९८६ ते १९९९, चौदा ओळी, शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एक आडवी रेघ, त्यांनीच मारलेली, पट्टी धरल्यासारखी सरळ. आणि कागद मिळाल्याच्या पुढच्याच ओळीत, २००१, ‘डच भाषेचा क्लास सुरू’.

हेच मला ह्या सगळ्यातून सांगायचंय. पहिल्या भागाच्या हिशोबाने हे काका म्हणजे तीस-पस्तीस वर्षं देशात राहून डच मोडकंतोडकं येणारा माणूस, इंटिग्रेशन कमी. टीव्हीवरच्या चर्चेत असाच माणूस पुढे करतात की बघा ह्यांना शिकायचंच नाही. तक्त्याच्या हिशोबाने हा माणूस कागद हातात पडल्यावर वर्षभरात क्लासला गेला, वयाच्या चाळिशीत, सकाळची क्लीनिंगची शिफ्ट करून. दोन्ही उत्तरं एकाच माणसाची. आणि असा एकच नाही, आमच्या तक्त्यांत ज्यांचा शेवटचा रकाना लांबवर कोरा आहे त्यांचे बाकीचे रकाने त्या काळात जवळजवळ हललेलेच नाहीत. घर बदलायचं तेवढं सारखं बदलतं, कारण लीज नावावर नाही. काम तेच, बायको तिकडेच, मुलं आजीकडेच. कागद मिळाला की दोन-तीन वर्षांत सगळं एकदम सरकतं. भाषा, मित्र, शेजारी हे सगळं त्या शेवटच्या रकान्याच्या मागून येतं, आणि आपण सर्व्हेत तोच रकाना शेवटी ठेवतो, किंवा विचारतच नाही.

१९९२ च्या ओळीला आलो की बहुतेक लोक थांबायचे. ४ ऑक्टोबर १९९२, रविवार संध्याकाळ, एल अल ह्या इस्रायली कंपनीचं मालवाहू विमान बायल्मरच्या बिल्डिंगीवर कोसळलं. अधिकृत मृत ४३, पण त्या घरांत नोंद नसलेली माणसं किती राहत होती ह्यावर लोक आजही वाद घालतात. त्यानंतर तिथे खरोखर राहत होतो असं दाखवू शकणाऱ्या काही जणांना राहायचा परवाना मिळाला. ही गोष्ट मला तिघा-चौघांनी वेगवेगळ्या घरात सांगितली आणि सांगताना आवाज खाली गेला, कारण शेजारचा मित्र गेला त्याच घटनेने कुणाच्या तरी हातात कागद आले, हे कसं बोलायचं. आम्ही ठरवलं होतं की त्या ओळीवर आपण होऊन काही विचारायचं नाही. जे सांगतील ते लिहायचं, नाहीतर पुढच्या ओळीवर.

आणि इथे भारताचा विषय निघाला, तो मीही आधी कुठे वाचला नव्हता. एका घरी कागदांबद्दल बोलताना त्या गृहस्थांनी मला विचारलं, तू इंडियाची ना, मग तुझ्या लोकांनाही हेच झालं असेल. १९९६ मध्ये डच सरकारने पाच देशांची यादी केली होती, तिथून आलेले जन्माचे, लग्नाचे दाखले नुसत्या शिक्क्यावर मानायचे नाहीत, त्या देशात जाऊन पडताळायचे. घाना, नायजेरिया, भारत, पाकिस्तान आणि डोमिनिकन रिपब्लिक. पडताळायचे म्हणजे शाळेत विचारणार, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद बघणार, नातेवाईकांना विचारणार, आणि एक तारीख जुळली नाही की सगळं अडकलं. खेड्यात जन्माची नोंद कितीतरी वर्षांनी करायची पद्धत, आपल्याकडे शाळेत घालताना मास्तरांनी १ जून टाकून दिलेली पिढी अजून आहे की. त्या गृहस्थांचं नाव कोफी, म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, आणि दाखल्यावरची तारीख मंगळवारची. आईला वार पक्का माहीत होता, तारीख कुणालाच नाही. लग्न झालेल्या बायकोला आणायला त्यांना किती वर्षं लागली ते तक्त्यात आहेच. कॉफी संपेपर्यंत ते मला मंगळवारी जन्मलेल्या मुलाचं नाव क्वाबेना असतं, बुधवारी क्वाकू, गुरुवारी याव, असं सगळं बोटांवर समजावून सांगत होते.

मुलांचा रकाना मला स्वतःला सगळ्यात जड गेला. मूल कुमासीत जन्मलं, दीड वर्षाचं असताना आई निघाली, मूल आजीकडे, फी आणि कपडे इथून, फोन दर रविवारी. २००६ पासून तर इथे यायच्या आधीच तिकडे डच भाषेची परीक्षा पास व्हायचा नियम मोठ्यांना आला, शिवाय बोलावणाऱ्याचा पगार ठराविक पाहिजे, आणि क्लीनिंगचे तास जोडून तो आकडा गाठेपर्यंत मूल चौदा-पंधराचं होतं. मग ते येतं ते अशा आईकडे जिला ते फोटोवरून ओळखतं, आणि अशा शाळेत जिथे आधी फक्त भाषेचा वर्ग. एक मावशी म्हणाल्या, माझी मुलगी पहिले सहा महिने मला आंटी म्हणायची. त्यांनी हे कुठे लिहू नको म्हणून सांगितलं नाही, उलट म्हणाल्या लिही, आणि ते वाक्य आमच्या रिपोर्टमध्ये आहे.

पैसे पाठवण्याबद्दल युरोपात अशी समजूत आहे की जो घरी पैसे पाठवतो त्याचं मन तिकडे, म्हणजे तो इथे कमी रुळलेला. आमच्याकडे तसं दिसलंच नाही. ज्यांचे कागद नीट, काम पक्कं, तेच जास्त पाठवतात, तेच इथे पालक सभेलाही जातात. मी मूळची चिपळूणकडची, आमच्याकडे मुंबईतल्या चाकरमान्याने आयुष्यभर गावचं घर बांधायचं आणि म्हणून तो मुंबईचा कमी झाला असं कुणी म्हणत नाही, त्यामुळे मला हे समजायला वेळ लागला नाही. घर मात्र तिकडेही तसंच, एका वर्षी पाया, एका वर्षी भिंती, मग पैसे संपले, सळया वर तशाच उभ्या. देखरेखीला भाऊ किंवा मेहुणा, आणि तक्ता भरताना सगळ्यात जास्त राग ह्याच विषयावर निघायचा. सिमेंटचे पैसे पाठवले आणि फोटो शेजारच्या घराचे आले, असे किस्से. आता व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावून भिंतीवर हात ठेवायला सांगतात. जमिनीचा एकच तुकडा दोघांना विकलेला निघणं हेही नेहमीचं, मग वर्षानुवर्षं कोर्ट. बायका बऱ्याचदा सुसू लावतात, म्हणजे आपली भिशी, ठरलेल्या बायका, ठरलेली रक्कम, पाळीपाळीने एकीला सगळी, आणि बँकेने ज्यांना दारात उभं केलं नसतं त्यांनी ह्या पैशावर तिकिटं काढली, दुकानं टाकली.

एका शनिवारी अंत्यसंस्काराच्या कार्यक्रमाला बोलावलं. ज्या बाई गेल्या त्या कुमासीत गेल्या, पुरल्या तिथेच, पण मुलगा ॲमस्टरडॅममध्ये म्हणून कार्यक्रम इथेही. भाड्याचा हॉल, सगळे काळ्या आणि लाल कपड्यात, दारापाशी मोठा छापील फोटो, आत एका टेबलावर दोघीजणी वही आणि पावतीपुस्तक घेऊन. जो येईल तो आधी त्या टेबलाशी, पैसे, पावती, वहीत नाव, आणि मग माईकवरून नाव आणि रक्कम जाहीर. मी पैसे दिले तर माझंही नाव जाहीर झालं, ‘आमची इंडियन सिस्टर’. त्या वहीला फार महत्त्व. पुढे ज्याच्या घरी असं होईल तिथे ह्या मुलाने जायचं, वहीत बघून द्यायचं. संगीत, नाच, जोलोफ भात, रात्री उशिरापर्यंत, आणि त्या हॉलमध्ये व्हिडिओवाला, छपाईवाला, शिंपी, केटरर सगळे बायल्मरचे. आमच्या प्रश्नावलीत ‘तुम्ही कुठल्या संस्थेचे सदस्य आहात का’ असा प्रश्न होता आणि बऱ्याच जणांनी त्याला ‘नाही’ म्हटलं होतं. तेच चेहरे मला त्या वहीच्या रांगेत दिसले. कुणाकडे कोण धावून येतं हे विचारायचं असेल तर अंत्यसंस्काराचं विचारावं, संस्थेचं नाही, आणि दुसऱ्या फेरीत आम्ही तो प्रश्न तसा केला.

इथे जन्मलेल्या पोरांचं थोडक्यात, कारण त्यांचा वेगळा अभ्यास व्हायला हवा. सलूनमध्ये बसलं की ती डचमध्ये बोलतात, आयाक्स ह्या ॲमस्टरडॅमच्या फुटबॉल क्लबवर भांडतात, स्टेडियम जवळच. फुटबॉलपटू ब्रायन ब्रॉबी ह्याच शहरात घानाच्या आईबापांच्या पोटी जन्मला, मेम्फिस डिपायचे वडील घानाचे, म्हणजे नेदरलँड्सच्या टीमसाठी ओरडताना त्यांना कुठे तडजोड करावी लागत नाही. आईबापांना ट्वीमध्ये उत्तर द्यायचं की डचमध्ये एवढाच घरातला रोजचा वाद. त्यांच्या तक्त्यात शेवटचा रकाना पहिल्या ओळीपासून भरलेला असतो आणि त्यामुळे त्यांच्या अडचणी वेगळ्या, मुलाखतीला आडनाव वाचून न येणारा फोन वगैरे.

सगळं भरून झाल्यावर पास्टरना दिलेल्या शब्दाप्रमाणे आम्ही परत गेलो आणि चर्चच्या हॉलमध्ये निकाल सांगितले. माझ्या सहकारीने ट्वीमध्ये, मी इंग्लिशमध्ये. एक स्लाइड अशी होती की सगळ्यांचे शेवटचे रकाने नावाशिवाय एकाखाली एक लावलेले, कोरी वर्षं पांढरी, कागदाची वर्षं निळी. हॉलमध्ये चांगलीच कुजबुज झाली. लोक आपापली पट्टी शोधत होते, एक जण उभा राहून म्हणाला ती खालून तिसरी माझी असणार, बाजूचा म्हणाला नाही माझी. मग एक आजी उठल्या आणि त्यांनी विचारलं की हे तुम्ही इथे आम्हाला कशाला दाखवताय, आम्हाला माहितीच आहे, हे म्युनिसिपालिटीत दाखवा आणि भाषेचे प्रश्न विचारायच्या आधी दाखवा. टाळ्या त्यांना पडल्या. रिपोर्टचा क्रम त्यानंतर बदलला, कागदाचं प्रकरण आता पहिलं आहे, भाषेचं तिसरं. महापालिकेच्या लोकांसमोर तो मांडला तेव्हाही तीच स्लाइड पहिली लावली, आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले, त्यातला एक असा की ही पांढरी वर्षं आपल्या कुठल्याच आकडेवारीत कशी नाहीत.

आता पुढची फेरी घानात आहे. ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या घरच्यांना कुमासी आणि अक्रामध्ये तोच तक्ता विचारायचा, म्हणजे इकडच्या ओळीत ‘पैसे पाठवले’ आहे तेव्हा तिकडच्या ओळीत काय झालं ते कळेल, पत्रे पडले की फी भरली गेली की आजीचं ऑपरेशन झालं. इथल्या काकांनी स्वतःहून भावाचा नंबर दिलाय आणि सांगितलंय की त्याला घराचं विचारा, सविस्तर विचारा, आणि शक्य असेल तर जाऊन बघा किती मजले उभे आहेत.